गावाचा इतिहास आणि सातबाऱ्यावरचा शेरा

गेल्या वर्षी मी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपापल्या गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितले. बेलापूर आणि आसपासच्या खेड्यांतून ही मुले येतात. वह्या आल्या. प्रवरामाई, देवळे, जत्रा, बाजार, पुढारी असे सारे त्यांत होते. आमच्या वस्तीतल्या एका मुलाने मात्र अर्धेच पान लिहिले आणि शेवटी वाक्य टाकले : आमच्या वस्तीला सांगण्यासारखा इतिहास नाही.

ते वाक्य मला लागले. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्याच्या वयात मीही हेच लिहिले असते. म्हणून हा लेख त्या मुलासाठी, आणि त्याला शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी.

बेलापूर हे प्रवरेकाठचे जुने गाव. बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे थोरले आणि धाकटे, अशी त्याची दोन नावे. पण ह्या दोन नावांत न मावणारे तिसरे गाव प्रत्येक गावाला असते, ते गावकुसाबाहेरचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून पाटील, कुळकर्णी आणि बलुतेदार यांच्या व्यवहाराचे तपशीलवार वर्णन केले. हा गाडा कसा चाले, हे त्यातून कळते. तो कोणाच्या मानेवर चाले, हे समजून घ्यायचे तर वतन म्हणजे काय, ते नीट पाहिले पाहिजे.

महाराचे वतन म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते. त्याच्या बदल्यात चाकरी. सरकारी सारा तालुक्याला पोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मयताची खबर परगावी नेणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मेलेले ढोर ओढणे, रात्री वेशीत जागणे. कामाला वेळ नव्हती, मोजमाप नव्हते. १८७४ च्या वतन कायद्याने ह्या चाकरीला इंग्रजी राज्याचा शिक्का मिळाला. पाटलाचे वतनही वतनच, पण त्यात मान होता. आमच्या वतनात नुसता राबता होता. घरचा एक पुरुष कामावर नसेल तर दुसऱ्याने जायचे. म्हणजे वतन माणसाचे नव्हते, साऱ्या घराण्याचे होते. आजी येसकरकीच्या पाळीबद्दल सांगायची. भाकरी मागायला निघालेल्या पोराच्या हातात घुंगराची काठी असे. तो घुंगराचा आवाज ऐकला की घरातली बाई शिळेपाके काढून ठेवी. आजीला त्या आवाजाची शेवटपर्यंत चीड होती.

मग लोक वतन सोडत का नव्हते? हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे. दुसरी जमीन नव्हती, दुसरा धंदा मिळत नव्हता, आणि हा तुकडा म्हणजे गावातल्या हक्काचा एकमेव पुरावा होता. गुलामी आणि हक्क एकाच कागदावर लिहिलेले होते. बाबासाहेबांनी हा पेच ओळखला. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. चाकरीचा मोबदला रोखीत द्यावा, ज्याला सुटायचे त्याला सुटता यावे, जमीन मात्र त्याच्याकडे राहावी, असा त्याचा रोख होता. ते विधेयक मंजूर झाले नाही.

तिकडे बेलापूरची पंचक्रोशी बदलत होती. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. स्टेशन गावापासून काही मैल दूर झाले, नाव मात्र त्याला बेलापूरचेच मिळाले. त्या स्टेशनाभोवती पुढे श्रीरामपूर वाढले. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांचे पाणी शिवारात खेळले, आणि हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. तो आज बंद आहे. पण माझ्या आजोबांच्या तोंडी त्याचे वेगळे महत्त्व होते. तिथे आठवड्याला रोख पगार हातात पडे. बलुत्याचे धान्य मागावे लागे, पगार मोजून घेता येई. हा फरक त्यांना कोणी पुस्तकातून शिकवला नव्हता.

ह्याच हरेगावला १६ डिसेंबर १९३९ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे बोलले. आजोबा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. भाषणातले फारसे त्यांना आठवत नसे. 'एवढी आपली माणसं एका जागी, आन् कोणाच्या हातात काठी नाय, कोणाच्या खांद्यावर वझं नाय,' एवढेच ते सांगत. पुढे १९४१ साली सिन्नरला वतनी जमिनींवरच्या वाढीव आकारणीविरुद्ध परिषद झाली. शेवटी १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. चाकरी संपली. आकाराच्या पटीत किंमत भरून जमीन वतनदाराला परत मिळू लागली, पण नव्या शर्तीने. परवानगीवाचून ती विकता येत नाही, आणि सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा पडतो.

१८३० साली चार्ल्स मेटकाफ ह्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदी खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ह्या खेडेप्रेमाचा कठोर समाचार घेतला. दोघे एकाच खेड्याबद्दल बोलत होते. एकाने ते वेशीच्या आतून पाहिले होते, दुसऱ्याने बाहेरून. आमच्या मुलांच्या वह्या अजून मेटकाफच्या बाजूने लिहिल्या जात आहेत, आमच्या मुलांकडूनही.

आपल्या गावाची लाज लिहून ठेवणे म्हणजे गावाशी वैर नव्हे. जर्मनीत १९९० नंतर गुंटर डेमनिग ह्या कलावंताने नाझींच्या बळींची नावे पितळी पत्र्यावर कोरून त्यांच्या राहत्या घरांसमोर रस्त्यात बसवायला सुरुवात केली. आज मोठ्या शहरांप्रमाणे लहान गावांतही ती नावे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाशी आहेत. ज्यांच्या घरावरून ती वाचली जातात, त्या गावाचे त्याने काही उणे झालेले नाही.

त्या मुलाला मी वही परत दिली आणि म्हणालो, 'घरी जा, सातबारा काढ, आणि आज्जीजवळ बस.' चार दिवसांनी तो आला. हातात उतारा होता. म्हणाला, 'सर, आमच्या जमिनीवर वर्ग दोन का लिहिलंय?'

मी म्हणालो, 'बस. इथून तुझ्या वस्तीचा इतिहास सुरू होतो.'