नगरची ख्रिस्ती मंडळी, लेखांक ७ : बाप्तिस्म्यानंतरचे दिवस

इंग्रज सरकारनं १८६६ साली एक कायदा केला. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार त्याच कारणावरून नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन लग्न मोडून घेण्याची सोय त्यात होती. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ही वाट त्यांना मोकळी होती. ते तिकडे फिरकले नाहीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांत, पंढरपूरला. टिळक नगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात. चार-साडेचार वर्षं अशी गेली.

मागच्या लेखांकात आपण बाप्तिस्म्याचा निर्णय पाहिला. त्या दिवशी घरादारावर पाणी सोडावं लागतं हे खरं, पण त्या दिवसाला एक आवेश असतो. आवेश ओसरल्यावर उरतो तो रोजचा संसार, आणि निष्ठेचा कस तिथे लागतो.

लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपलं सोवळं सोबत घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मंडळीतली बरीचशी माणसं महार-मांग घरांतली. त्यांच्या हातचं बाईंना चालेना. उपदेशकाच्याच घरात शिवाशीव! टिळक तापट होते, लहरी तर विचारूच नका. तरी या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. त्यांच्या आयुष्यातलं अवघड आज्ञापालन मला इथे दिसतं, घर सोडण्यात तितकं नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, याचा हिशेब लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी घातला, आणि मगच सोवळं सुटलं. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सगळं ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी इतक्या मिस्कीलपणे सांगितलंय की त्यामागची ओढाताण वाचकाच्या नजरेतून निसटते.

पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडलं. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सगळ्याच ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ त्यांना उभारायचा होता. यावेळी दुरावा आला तो स्वकीय ख्रिस्ती मंडळींतून. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले.

टिळकांनी मोजलेली किंमत आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या घरात दोघंही लिहिणारे होते. नेवासा, राहुरी, संगमनेरकडच्या वाड्या-वस्त्यांत ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचं असं पुस्तक नाही. दुष्काळात मिशनकडे वळलेल्यांना तर ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा कायमचा चिकटला. मला तो अन्यायाचा वाटतो. पोटासाठी आलेला माणूस पोट भरल्यावर जातो. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या टिकली. गावकीतलं देवीच्या जत्रेचं काम नाकारायचं, तर बलुत्यावर गदा येणार. महारवाड्यातून उठून जाणार कुठे? टिळकांना निदान नगर तरी होतं.

हा हिशेब स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते. पण अनुसूचित जातीसाठी राखीव असलेली ग्रामपंचायतीची जागा त्यांना लढवता येत नाही, आणि ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही नाही. त्यामुळे काही घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ लिहिणारा बाप मात्र काय सोडतो आहे, हे उपासनेतल्या उपदेशात फारसं ऐकू येत नाही. ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का, या प्रश्नावर केंद्रानं २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

पुढच्या आठवड्यात हरेगावला जाऊ, मतमाउलीच्या यात्रेला.