गाव सुटले तरी ग्रंथालय सुटू नये

मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी दूर निघाली की घरात लगबग सुरू होते. लोणच्याची बरणी पक्की बांधली जाते, लोकरीचे कपडे घेतले जातात, पासपोर्ट दहादा उघडून पाहिला जातो. परंतु महाविद्यालयाचे ग्रंथालय, टपालाचे खाते व संगणक परगावाहून कसे उघडावयाचे, याची चौकशी निघण्यापूर्वी क्वचितच कोणी करून ठेवतो. कोणी एखादे सत्र परदेशी विद्यापीठात काढतो, कोणी सुटीत गावी बसून प्रबंध लिहितो; अडचण दोघांचीही एकच. यास्तव वाचकांपुढे हा विषय थोडा उलगडून मांडावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम दार बंद का होते, ते पाहू. महाविद्यालय मोठी वर्गणी भरून शास्त्रीय नियतकालिके घेते. वाचावयास आलेला मनुष्य कोण आहे, हे प्रकाशक बहुधा त्याच्या तोंडावरून नव्हे, तर तो ज्या जाळ्यातून आला त्या जाळ्याच्या आकडी पत्त्यावरून ओळखतो. आवारातून मागणी गेली की दार उघडते. तोच विद्यार्थी बेळगावच्या घरून अथवा जर्मनीतील खोलीतून मागणी करू लागला की प्रकाशकाच्या लेखी तो परका ठरतो. त्याची फी भरलेली असते, नाव पटावर असते. तरीही त्यास पैसे मागितले जातात.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला व्हीपीएन. ही विद्यार्थ्याच्या संगणकापासून महाविद्यालयापर्यंतची एक बंदिस्त वाट होय. तिच्यातून गेलेली मागणी आवारातूनच निघाल्यासारखी दिसते. दुसरा मार्ग मध्यस्थ संगणकाचा. ग्रंथालयाच्या पानावरून आत शिरावयाचे, आपले नाव व पासवर्ड द्यावयाचा, म्हणजे पुढील मागणी तो मध्यस्थ आपल्या नावाने करतो. जगभरच्या ग्रंथालयांत वापरली जाणारी ईझीप्रॉक्सी ही व्यवस्था क्रिस झॅगर या ग्रंथपालाने १९९९ साली याच कामासाठी निर्माण केली.

तिसरा मार्ग आपल्या देशात विशेष उपयोगाचा आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने इन्फेड नावाचा संस्थासंघ उभा केला आहे. प्रकाशकाच्या पानावर विद्यार्थी आपल्या संस्थेचे नाव निवडतो. पासवर्ड त्याची संस्थाच तपासते आणि ‘हा आमचा आहे’ एवढीच ग्वाही प्रकाशकास देते. महाविद्यालयांसाठी याच केंद्राने २०१० साली एन-लिस्ट ही योजना सुरू केली. सदस्य महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास तीत स्वतःचे खाते मिळते व तो घरी बसून वाचू शकतो. शिवाय २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सरकारी उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. आपले महाविद्यालय यांपैकी कशात आहे, हे ग्रंथपालास विचारावे. ते विचारण्यात कमीपणा नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. बाजारात पैसे घेऊन मिळणारे व्हीपीएन ग्रंथालयाचे दार उघडीत नाही. ते विद्यार्थ्यास दुसऱ्या कोणत्या तरी पत्त्यावर नेते, महाविद्यालयाच्या पत्त्यावर नव्हे. तो खर्च या कामी व्यर्थ होय.

परदेशी विद्यापीठात पोहोचल्यावर वायफायसाठी एड्युरोम ही व्यवस्था उपयोगी पडते. नेदरलँड्समध्ये २००२ च्या सुमारास तिची कल्पना निघाली, आणि आज ती १०० हून अधिक देशांत चालते. भारतात तिचा कारभार अर्नेट इंडियाकडे आहे. सहभागी संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या सहभागी संस्थेत गेला की आपल्याच नावाने व पासवर्डने त्याची जोडणी होते, कारण विचारणा त्याच्या मूळ संस्थेकडे जाते. मात्र नावापुढे संस्थेचा पत्ता पूर्ण लिहावा लागतो. ही जुळणी निघण्यापूर्वीच आपल्या आवारात करून, चालते की नाही ते पाहून घ्यावे.

देशादेशांचे नियमही निराळे असतात. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी आपल्याकडील मुले जातात. तेथे गूगलच्या सेवा सामान्यतः उघडत नाहीत, आणि कित्येक महाविद्यालयांचे टपाल तर गूगलवरच असते. अशा विद्यार्थ्याने आवश्यक कागदपत्रे आधीच उतरवून जवळ ठेवावीत व पत्रव्यवहारासाठी दुसरा पत्ता महाविद्यालयास कळवावा.

परंतु सर्वांत मोठा घोटाळा दुसऱ्या किल्लीचा होतो. आता केवळ पासवर्ड पुरत नाही; मोबाईलवर आलेला ओटीपीही द्यावा लागतो. परदेशी पोहोचताच मुले नवे सिम घालतात. जुने सिम पेटीत पडून राहते, रिचार्ज होत नाही, आणि दीर्घकाळ वापर नसलेला क्रमांक कंपनी बंद करून पुढे दुसऱ्यास देते. मग ऐन परीक्षेच्या आठवड्यात ओटीपी मागितला जातो व तो कोठेच येत नाही. यावर उपाय सोपा आहे. ओटीपी तयार करणारे ॲप आधीच खात्यास जोडावे. ते घड्याळाच्या आधारे बहुधा दर ३० सेकंदांस नवा आकडा देते, त्यास सिम लागत नाही की इंटरनेट लागत नाही. खात्याबरोबर मिळणारे राखीव संकेतांक कागदावर लिहून पासपोर्टापासून वेगळे ठेवावेत.

जुने सिम घरी आईवडिलांजवळ ठेवले असेल, तर त्यांच्यावरही जबाबदारी येते. ‘महाविद्यालयातून बोलतो, आलेला आकडा सांगा’ असे कोणी फोनवर म्हटल्यास सांगू नये. आकडा मागावयाचा तो मुलानेच, आणि त्याचा आवाज ओळखल्यावरच द्यावयाचा.

पासवर्ड मित्रास उसना देणे हेही निर्दोष औदार्य नव्हे. एका खात्यावरून लेखांचे ढीग उतरविले गेले, तर प्रकाशक संपूर्ण संस्थेस दार लावू शकतो. २०१० साली अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेच्या जाळ्यातून असेच भरमसाट लेख उतरविले गेले, तेव्हा जेस्टोर या संग्रहाने संपूर्ण संस्थेचा प्रवेश काही दिवस थांबविला. कृती एकाची, खोळंबा हजारोंचा.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, सामानाच्या यादीत आणखी एक ओळ लिहावी. निघण्याच्या पंधरा दिवस आधी मुलाने महाविद्यालयाबाहेरून, आपल्याच घरातून, एक लेख उघडून दाखवावा, टपाल उघडून दाखवावे, आणि सिम काढून ठेवूनही खात्यात शिरून दाखवावे. जे घरी उघडले नाही ते हजारो कोसांवर आपोआप उघडेल, अशी आशा धरू नये. घरी अडले, तर ग्रंथपाल व संगणक विभाग जवळ आहेत. तेथे अडले, तर इकडे रात्र असेल आणि कचेरी बंद.