आधी झाडाचा कल मोजा

आलापल्लीच्या आगारात आलेल्या सागवानाच्या ओंडक्यांना टेप लावता येतो. पण इथल्याच ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या सुमारे 6 हेक्टरच्या जंगलाला 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या सागाची उंची झाड उभं असतानाच काढावी लागते. त्याची शालेय रीत सर्वांना ठाऊक आहे: शेंड्याचा उन्नत कोन घ्यायचा, बुंध्यापर्यंतच्या अंतराला त्या कोनाच्या टॅनने गुणायचं आणि आपल्या डोळ्याची उंची त्यात मिळवायची. रीत बरोबर आहे, पण ती झाड जमिनीशी काटकोनात उभं आहे असं धरून चालते. उजेडासाठी स्पर्धा करणारं जंगलातलं झाड तसं असेलच असं नाही. म्हणून उंचीच्या आधी झाडाचा कल काढायला हवा.

समजा, शेंडा डोळ्याच्या पातळीपासून 25 मीटर वर आहे आणि बुंध्याच्या सरळ रेषेपासून 2 मीटर आपल्याकडे झुकला आहे. दोन बाजूंनी ओळंबा धरून पाहिलं, की शेंड्याखालची जागा जमिनीवर सापडते. 2 भागिले 25 म्हणजे 0.08, ज्या कोनाचा टॅन 0.08 तो कोन सुमारे 4.6 अंश. एवढ्याशा कलाने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बुंध्यापासून 25 मीटरवर उभे राहिलो तर शेंडा प्रत्यक्षात 23 मीटरवरच असतो. त्यामुळे उन्नत कोन 45 ऐवजी 47.4 अंश दिसतो आणि डोळ्यापासूनची उंची 25 ऐवजी 27.2 मीटर येते. विरुद्ध बाजूने मोजली तर 23.1. दोन्हींची सरासरी मात्र सत्याच्या अगदी जवळ जाते, आणि कलाच्या आडव्या दिशेने मोजलं तर चूक जवळजवळ उरतच नाही.

दुसरा आक्षेप असा, की आता मोबाइलच कोन आणि उंची दाखवतो. दाखवतो, पण त्याच्या आकडेमोडीतही तोच गृहीत काटकोन असतो. शिवाय सागाचा पसरट माथा खालून पाहताना जवळची फांदीच शेंडा वाटते, तेव्हा ही चूक सरळ झाडावरही होते. यंत्राच्या अचूकतेने ती जात नाही. उभं कुठे राहायचं हे माणसालाच ठरवावं लागतं.

दहावीला त्रिकोणमिती आहेच. आलापल्ली ज्या अहेरी तालुक्यात आहे, तिथल्या शिक्षकांनी एक दोरी, एक दगड आणि टेप देऊन मुलांना शाळेजवळच्या झाडाचा कल काढायला सांगावा.