माहिती चौकट : ताकाकिया आणि मोनार्क

ताकाकिया हे जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचे मॉस. पाने सपाट नव्हेत, बोटांसारखी. वंश सुमारे ३९ कोटी वर्षे जुना, जाती अवघ्या दोन. मोनार्क हे उत्तर अमेरिकेतले नारिंगी-काळे फुलपाखरू. आपल्याकडे रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगरचे भाऊबंद. दोन्ही घटत आहेत, पण ही घट एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. तिबेटच्या पठारावर ताकाकिया २०१० ते २०२१ दरम्यान वर्षाला सुमारे १.६ टक्क्यांनी कमी झाले. कॅलिफोर्नियातल्या हिवाळी गणनेत मोनार्क २०२० मध्ये दोन हजारांच्याही खाली आली आणि पुढच्याच वर्षी दोन लाखांवर गेली.

मग मॉसचे दुखणे किरकोळ, असे कोणी म्हणेल. तसे नाही. कीटकांची संख्या एका बऱ्या मोसमात उसळी घेते (अर्थात तितक्याच वेगाने कोसळतेही). ताकाकियाची संथ घसरण भरून निघताना दिसत नाही. हिमालय उंचावत गेला तेव्हाही ते तगले, हा आक्षेपही लंगडा आहे: तो बदल कोट्यवधी वर्षांचा होता, आजची तापमानवाढ दशकांची. मोनार्कच्या अळ्या फक्त मिल्कवीडवर जगतात आणि तणनाशकांनी ते शेतांतून हटवले. ते पुन्हा लावता तरी येते. स्थलांतर करणारी मोनार्क आययूसीएनच्या लाल यादीत २०२२ मध्ये 'संकटग्रस्त' होती, २०२३ मध्ये 'असुरक्षित' गटात आली.