घरातलं शेवटचं आजारपण

हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. पालखीचा मुक्काम चुकला, त्याची हळहळ गावोगाव झाली. पण त्याच काळात घराघरांत आणखी एक गोष्ट चुकत होती, तिची हळहळ मोठ्याने झाली नाही.

गावाकडे मयत झालं की भावकी, सोयरे, शेजारी न बोलावता जमतात. घरात चूल पेटत नाही, कडू घास शेजारून येतो. राख सावडणं, दशक्रिया, तेरावा असे दिवस माणसांच्या सोबतीने ढकलले जातात. टाळेबंदीच्या नियमांनी अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा ठेवली. कोरोनाने गेलेल्यांच्या घरी तर त्याहून कठीण. खरं म्हणजे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 15 मार्च 2020 लाच सांगितलं होतं की, काळजी घेऊन चेहरा दाखवता येईल, स्पर्श न करता धार्मिक विधी करता येतील, अस्थींपासून धोका नाही. इतकी साधी माहिती घाबरलेल्या घरांपर्यंत वेळेवर पोचायला हवी होती.

कोरोना न होताही माणसं जात होतीच. कॅन्सर, अर्धांगवायू, थकलेलं हृदय. दवाखान्यात न्यायची भीती, वाहन नाही, खाट मिळेल याची खात्री नाही. म्हणून शेवटचे दिवस घरीच काढायची वेळ आली. आणि ते कसे काढायचे, हे घरच्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

ते शिकता येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली तर पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो. कोरडी पडलेली जीभ ओल्या कापसाने पुसली तरी बरं वाटतं. शेवटी भूक मंदावते, हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येतो. अशा वेळी चमच्याने जबरदस्तीने भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ‘आम्ही उपाशी मारलं’ ही टोचणी अनेक सुना-मुलं पुढे वर्षानुवर्षं बाळगतात. शरीरच अन्न नाकारतंय, हे वेळीच कळलं असतं तर ती टोचणी निम्मी झाली असती.

पुण्यात या कामाची जुनी जागा आहे. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून कॅन्सरच्या रुग्णांची मोफत शुश्रूषा करतं आणि घरच्यांनाही ती शिकवतं. पण लोणीहून वारजे म्हणजे शहराचं दुसरं टोक, टाळेबंदीत तर मध्ये पोलिसांची नाकाबंदी. 25 मार्च 2020 च्या नियमांनी डॉक्टरांना फोनवरून सल्ला द्यायची वाट मोकळी केली, मात्र अमली पदार्थ कायद्याखालची औषधं त्यातून वगळली. मॉर्फिन त्यातलंच. तीव्र वेदनेवरचं सर्वांत भरवशाचं औषध फोनवर लिहून देता येत नव्हतं.

निरोप न घेता आल्याने दुःख लांबतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक काळ रोजचं जगणं अडवून ठेवणाऱ्या शोकाची वेगळी नोंद आहे. अशा शोकात बुडालेलं माणूस घरात असेल तर ‘आता विसर’ म्हणू नये. राहिलेलं श्राद्ध, राहिलेली भेट आजही करता येते; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलताही येतं.

महाराष्ट्राने 2012 मध्येच वेदनाशामक शुश्रूषेचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, धोरण स्वीकारलं. ते कागदावर ठेवायला साथीने आता कुठलीच सबब उरू दिलेली नाही. पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: आपल्या आरोग्य केंद्रातून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी नर्स येते का, आणि येत नसेल तर कधीपासून येणार?