सभासद कोण, मत कोणाचं?

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी अमुक यांची निवड, अशी बातमी दरवर्षी येते आणि दरवर्षी वाचक विचारतो : निवडलं कोणी? गंमत म्हणजे महाराष्ट्र साहित्य परिषदेचा आजीव सभासद असलेला माणूसही हेच विचारतो. पैसे भरले, पावती आहे, ‘मसाप’च्या निवडणुकीची मतपत्रिकाही टपालाने घरी येते, मग संमेलनाध्यक्ष ठरवताना आपल्याला कोणी का विचारत नाही?

कारण संमेलन भरवणाऱ्या महामंडळाचा तो सभासदच नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या सभासद आहेत त्या संस्था. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, मुंबई मराठी साहित्य संघ आणि छत्रपती संभाजीनगरची मराठवाडा साहित्य परिषद या चार घटक संस्था. शिवाय गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, छत्तीसगडसारख्या ठिकाणच्या मराठी संस्था. माणूस परिषदेचा सभासद, परिषद महामंडळाची सभासद. सभासदाचं मत आपल्या संस्थेच्या उंबरठ्याशी थांबतं, पुढे जातो तो प्रतिनिधी. महासंघ म्हणतात ती रचना हीच.

मसाप १९०६ची, विदर्भ साहित्य संघ १९२३चा, मुंबईचा संघ १९३५चा. म्हणजे इथे लेकरं आईपेक्षा वयाने मोठी आहेत, आणि त्याचा परिणाम घटनेत दिसतो. आधी जन्मलेल्या संस्था एकत्र येऊन वरची संस्था करतात, तेव्हा वरच्या संस्थेच्या हाती फारसं काही ठेवत नाहीत. महामंडळाचं कार्यालय एका जागी नाही. दर तीन वर्षांनी ते एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जातं. २०१६ साली ते नागपूरला गेलं, मग संभाजीनगर, मुंबई, आणि २०२५पासून पुणे. कार्यालयाबरोबर महामंडळाचं अध्यक्षपदही फिरतं. संमेलनाचा अध्यक्ष वेगळा, महामंडळाचा वेगळा. या दोघांची गल्लत बातम्यांमध्येही होते. फिरत्या कार्यालयामुळे कोणा एका शहराची मक्तेदारी होत नाही, हे खरं. पण तीन वर्षांत कामाचा सूर लागेपर्यंत दप्तर बांधायची वेळ येते, हेही तितकंच खरं. मला हा तोटा त्या फायद्यापेक्षा मोठा वाटतो.

संमेलनाध्यक्षाची निवडणूक होत असे तेव्हाही मतदार हजाराच्या घरातच असत. प्रत्येक संस्थेला मतांचा ठरलेला कोटा, त्यात कोणाची नावं घालायची हे त्या त्या संस्थेने ठरवायचं. साहजिकच उमेदवार वाचकांकडे न जाता मतदारयादीतल्या माणसांकडे जात, आणि गठ्ठा मतदानाची तक्रार दर निवडणुकीला होई. २०१८च्या बडोदा संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख हे या पद्धतीने निवडून आलेले शेवटचे. त्यानंतर घटनादुरुस्ती झाली आणि २०१९च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची निवडणुकीविना निवड झाली. आता संस्था नावं सुचवतात आणि महामंडळाच्या बैठकीतले मोजके प्रतिनिधी त्यातून एक ठरवतात. निवडणुकीची धुळवड थांबली आणि ज्येष्ठांना मतांसाठी हात जोडावे लागत नाहीत, हे चांगलंच झालं. मात्र हजारभरांचा अधिकार आणखी थोड्यांकडे गेला, याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही.

संस्थांच्या संस्थेत मत कोणाचं, हा पेच क्रिकेटमध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळही संस्थांचीच संस्था. महाराष्ट्रातून तिथे तीन मतं : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ सुचवलं आणि जुलै २०१६मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. म्हणजे रणजी करंडकावर वर्षानुवर्षं सत्ता गाजवलेल्या मुंबईला मतासाठी आपली पाळी येण्याची वाट बघावी लागली असती. ऑगस्ट २०१८मध्ये न्यायालयाने हा नियम मागे घेतला. महाराष्ट्राच्या तिन्ही आणि गुजरातच्याही तिन्ही संघटनांना पूर्ण मत परत मिळालं. महासंघात मत कशाला द्यायचं, नकाशाला, इतिहासाला की खेळाडूंच्या संख्येला, याचं सर्वांना पटेल असं उत्तर नाही.

डॉक्टरांच्या इंडियन मेडिकल असोसिएशनची रचना उलटी आहे. १९२८ सालची ही संघटना एकच, तिला फांद्या अनेक. तालुक्याच्या गावचा डॉक्टर स्थानिक शाखेत नाव नोंदवतो आणि त्याच सभासदत्वाने राज्य शाखेचा व दिल्लीच्या मुख्यालयाचाही सभासद होतो. त्याने भरलेल्या शुल्काचा वाटा तिन्ही ठिकाणी जातो. म्हणूनच दिल्लीने देशव्यापी बंदची हाक दिली की गावातल्या दवाखान्यांची दारंही बंद होतात. असं एका हाकेवर उठणं महासंघाला सहसा जमत नाही.

तरीही ‘आयएमए’चं सभासदत्व म्हणजे डॉक्टरकीचा परवाना नव्हे. ती नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, कायद्याने. वकिलांतही तसंच : तालुका न्यायालयातला वकील संघ ऐच्छिक, पण सनद देणारी बार कौन्सिल १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने स्थापन झालेली. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे. तिचे सदस्य वकील थेट मत देऊन निवडतात. मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियावर प्रत्येक राज्य कौन्सिलमधून एकच प्रतिनिधी जातो. महाराष्ट्र-गोव्याचा एक आणि हिमाचलचाही एक. कायदा मागे असला तरी वरच्या मजल्यावर हिशेब महासंघाचाच.

ऐच्छिक संघटनांचं कागदी आयुष्य मात्र धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातं. महाराष्ट्रात अशी संस्था सहसा १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दुहेरी नोंदलेली असते. नवी कार्यकारिणी निवडून आली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा. हरलेला गट हरकत घेतो, प्रकरण रेंगाळतं, आणि रिपोर्ट मंजूर होण्याआधी पुढची निवडणूक येऊन ठेपते. बँक सही कोणाची मानायची हे विचारते आणि कोषाध्यक्ष खिशातून खर्च करतो. या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा मतदारयादीत असतं : कोणत्या तारखेपर्यंत सभासद झालेल्यांना मत, हे घटनेत मोघम लिहिलेलं असतं.

वार्षिक सभेच्या नोटिशीत शेवटी एक ओळ छापलेली असते : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. पदाधिकारी ही ओळ गृहीत धरूनच चहाची वेळ ठरवतात. घटनादुरुस्तीला तेवढी मोकळीक नसते. पुष्कळ संस्थांच्या घटनेत तिच्यासाठी वाढीव बहुमताची अट असते. त्यामुळे ज्या सभासदाला आपलं मत वरच्या मजल्यापर्यंत पोचवायचं आहे, त्याला त्या अर्ध्या तासाच्या आत सभागृहात पोचावं लागतं, आणि बरोबर आणखी बरेच जण आणावे लागतात.