एक पैसा, एक भट्टी, एक शाळा

मावळ आणि इंग्रज म्हटले की कुणीही वडगावचेच नाव घेतो. १७७९च्या जानेवारीत कंपनीच्या फौजेला तिथे नाक मुठीत धरून तह करावा लागला. कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अजून लोकांच्या तोंडी आहे. त्यावर लिहायचे तेवढे लिहून झाले. मला कित्येक वर्षे नाद आहे तो वडगावच्या शेजारच्या तळेगाव दाभाड्यांचा, आणि अंताजी दामोदर काळे या गृहस्थांचा.

काळ्यांचे म्हणणे साधे होते. माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी कारखाने काढायचे. तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट. १९०१च्या शिरगणतीत हिंदुस्थानची वस्ती २९ कोटींच्या वर भरली होती. म्हणजे प्रत्येकाने पैसा टाकला असता तर ४५ लाखांहून अधिक रुपये उभे राहिले असते. सगळे कुठले देतात! पण टिळकांनी कल्पना उचलून धरली आणि १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला.

काचच का? तर घरोघरच्या बांगड्या ऑस्ट्रियाहून यायच्या. सवाष्णीच्या हातातले लेणे परक्या बादशहाच्या मुलखातले, याची टोचणी स्वदेशीवाल्यांना असणारच. कारखान्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. ते जपानात आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले. काचेचे काम मोठे हट्टी. वाळू, सोडा, चुना वितळवून झाला की पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर लाल गोळा उचलायचा, नळी सतत फिरवत ठेवायची आणि बेताने फुंकायचे. वस्तू घडली तरी ती सावकाश निववावी लागते. घाई केली की तडा गेलाच. हे पुस्तकातून येत नाही. म्हणून नफ्यातोट्याच्या हिशेबापेक्षा तिथे किती हात तयार झाले, हे मी अधिक मोलाचे मानतो. तळेगावी शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या कारखान्यांत पांगले. खुद्द वार्ष्णेयांनीही नंतर उत्तरेत बहजोईला कारखाना काढला.

त्याच तळेगावात विष्णू गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. कोल्हापुरात सुरू झालेली ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा पुढे इथे आली. विजापूरकर विद्वान खरे, पण वेदोक्ताच्या वादात शाहू महाराजांच्या विरुद्ध उभे राहिलेले. त्यांच्या राष्ट्रात कोण कोण बसत होते, हा प्रश्न मला तरी टाळता येत नाही. १९०८ साली त्यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख आला. सरकारला वेदमंत्रांत राजद्रोह दिसला आणि विजापूरकरांना तीन वर्षांची सजा झाली. टिळक त्याच वर्षी मंडालेला गेले. तिकडे तुतिकोरिनला देशी आगबोटी चालवणारे चिदंबरम पिल्लैही तुरुंगात पडले. १९१० साली सरकारने समर्थ विद्यालय बंद पाडले. काच कारखाना मात्र चालूच राहिला.

सरकारला भट्टीपेक्षा फळ्याची धास्ती जास्त वाटली. यात इंग्रजांची अक्कल दिसते असे माझे मत आहे. ऑस्ट्रियाचा माल अडवणे बहिष्काराला पुरते जमले नाही. ते १९१४च्या महायुद्धाने केले. आयात आटली तेव्हा कुठे देशी काचेला गिऱ्हाईक धावून आले.

स्वदेशी भांडवलाची दुसरी बाजूही याच डोंगरांत दिसली. लोणावळ्याच्या तळ्यांचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. मग त्यांची नजर मुळशीवर गेली. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाचे काम अडवले. समोर गोरा साहेब नव्हता, देशी कंपनी होती. तिच्या पाठीशी सरकारचा भूसंपादनाचा कायदा होता. ‘जान किंवा जमीन’ म्हणत लोक तुरुंगात गेले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. धरण मात्र झाले, आणि जमिनी पाण्याखाली गेल्या.